काटा खाली येईपर्यंत

माझ्या माहेरी, उदगीरला, आडतीचं दुकान होतं. पुढं दुकान आणि मागं आम्ही, त्यामुळं घरातल्या लेकरांना पाढ्यांच्या आधी काटा कळायचा. तुरीचं पोतं काट्यावर चढलं की आमचे अप्पा डावा हात वर करायचे. तो हात खाली येईपर्यंत दुकानात कुणी तोंड उघडायचं नाही. हमालानं नाही, शेतकऱ्यानं नाही, आतून चहा घेऊन आलेल्या माझ्या आईनंसुद्धा नाही. काटा हलून हलून एका जागी ठरायचा, अप्पा आकडा सांगायचे आणि मग हात खाली यायचा. काटा हलत असताना जो आकडा सांगतो तो चोर, अशी आमच्या घरची पक्की समजूत होती.

मी पुढं जो मूर्खपणा केला त्याचं मूळ इथं आहे, म्हणून आधी सांगून टाकलं.

थोरल्या बहिणीच्या लग्नाला नांदेडहून लाऊडस्पीकरवाला बोलावला होता. मांडवाच्या कोपऱ्यात त्याचं टेबल, टेबलावर लोखंडी पेटीसारखा अँप्लिफायर, आणि त्याच्या तोंडावर दोन काचेच्या खिडक्या. आत पिवळा दिवा आणि प्रत्येक खिडकीत एक काटा. सनई वाजायली की दोन्ही काटे नुसते थयथय नाचायचे. मी तेव्हा दोन वेण्यांची, गिड्डी, आणि जगात जे काही आहे ते आपल्याला कळतं अशा तोऱ्यात फिरणारी. ती पोरगी आज मला रस्त्यात भेटली तर आधी तिच्या वेण्या ओढीन आणि मग विचारीन, बाई, तुला नेमकं कळतं काय?

मी कमरेवर हात ठेवून त्याला म्हटलं, "ओ भाऊ, तुमचे काटे बिघडलेत."

"न्हाई बाई. चांगले हायत."

"चांगला काटा एका जागी थांबतो."

तो रेकॉर्ड पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "हे काटे थांबले की समजायचं लग्न थांबलं."

मी तडक अप्पांकडं गेले आणि लाऊडस्पीकरवाला खोटे काटे लावून फसवायलाय अशी तक्रार केली. अप्पा आले. काट्यांकडं बघत बराच वेळ उभे राहिले, त्या माणसाला चार प्रश्न विचारले, गाव विचारलं, घराणं विचारलं. पोरगा आपल्यातलाच निघाला. पुढच्या उन्हाळ्यात माझं त्याच्याशी लग्न लागलं. तक्रार करायला गेले आणि नवरा घेऊन आले, अशी दुसरी कुणी मी तरी बघितली नाही.

नांदेडला आमचं दुकान आणि राहायची खोली यांच्यात एक पडदा होता. लग्न, उरूस, जयंती, कीर्तन, शाळेचं गॅदरिंग, मुखेडच्या बाजारातली दवंडी, सगळीकडं ह्यांचे भोंगे जायचे. अँप्लिफायर ह्यांनी स्वतः जोडलेला. काट्यांचे ते दोन मीटर हैदराबादच्या भंगारातून आणलेले आणि त्यांचा जीव की प्राण. रोज सकाळी कपाळाला विभूती लावून झाली की त्याच हातानं मीटरच्या काचा पुसायच्या. मी म्हणायची, "देव संपले का? आता ह्याची पूजा?" ते म्हणायचे, "ह्याच्या जिवावर तर तू जेवायलीस."

मला माइकच्या पिना जोडायला शिकवल्या. सोल्डर आयर्न हातात धरायला लागल्यावर मी अशी फुगले की विचारू नका. एका बारशात हे जेवायला बसले आणि मला टेबलाजवळ बसवून गेले. मुलीचा मामा बोलायला उभा राहिला, काटा लाल पट्टीत गेला, आणि मला वाटलं आता पेटी पेटते. मी आवाज इतका कमी केला की मामा बिचारा सगळं भाषण हवेतच करून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लवकर संपलं असं त्यांना वाटलं असणार. "लाल म्हंजे आग न्हाई," हे रात्री मला समजावत होते, "लाल म्हंजे माणूस मनापासून बोलायलाय."

एक गोष्ट मात्र मला कधी हसून टाळता आली नाही. हे कधी "ऐकू येतंय" म्हणायचे नाहीत. भोंग्याच्या इतक्या जवळ उभं राहणाऱ्याला आवाज नीट कळत नाही, तो काट्यावरच काम करतो. म्हणून स्टेजवरच्या माणसानं "हॅलो, हॅलो" केलं की हे कोपऱ्यातून हात वर करायचे आणि म्हणायचे, "दिसायलंय." किनवटला एका आश्रमशाळेच्या गॅदरिंगला एक बारकी पोरगी माइकपुढं येऊन गप्प उभी राहिली. ओठ हलायचे, आवाज बाहेर पडत नव्हता. पोरं हसायला लागली. हे टेबलावरून हात वर करून ओरडले, "बोल माय, बोल, मला दिसायलंय!" पोरीनं ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी बोटानं काटा दाखवला. ती काट्याकडं बघत बघत कविता म्हणाली, सगळी, शेवटपर्यंत.

मग डीजेचे मोठमोठे डबे आले, ट्रकवर लादलेले, छाती हादरवणारे. आमचे भोंगे लोकांना मयतीला पण नको झाले. त्याच सुमारास ह्यांचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग नातीचा आवाज, मग माझा. माझा आवाज गेल्याचं त्यांना पहिल्यांदा सुख वाटलं असेल असं मी सगळ्यांना सांगायची. सगळे हसायचे. हे पण हसायचे, कारण सगळे हसायलेत हे दिसायचं.

दुकान उठवून आम्ही लातूरला मुलाकडं आलो. मुलाचं घर दोन मजली. वर क्लासला आलेल्या पोरी राहतात, डॉक्टर व्हायला निघालेल्या. त्यामुळं घरात मिक्सरसुद्धा वेळ बघून लावायचा. पायऱ्यांवर चपला हातात घेऊन चढायचं. अशा घरात ह्यांनी अँप्लिफायर आणला. सून दारातच म्हणाली, "मामा, हे कुठं वाजवणार?" ह्यांना ऐकू आलं नाही, पण तोंड बघून कळलं. म्हणाले, "स्पीकर आणलेच न्हाईत."

खरंच आणले नव्हते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पेटी ठेवली, तिला रेडिओची वायर जोडली आणि समोर खुर्ची टाकली. घरात आवाज शून्य. वरच्या पोरी वाचायलेल्या, खाली काटे नाचायलेले, आणि हे काट्यांकडं बघून मांडीवर ताल धरायलेले. कुठलं वाद्य आहे ते सांगायचे. बातम्या लागल्या की म्हणायचे, "आज ती बाई हाय, काल बाप्या होता." बरोबर असायचं. श्रवणयंत्र आणलं होतं, पण ते डबीत पडून असायचं. त्यातून पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतं म्हणायचे.

त्या पावसाळ्यात डावा काटा पडला. आठवड्याभरानं उजवा. थोडा जळका वास आला होता. ह्यांनी काचेवर टिचकी मारून बघितली, झाकण उघडून बघितलं. काट्यांना चालवणारा बोर्ड आतून काळा पडला होता आणि ह्यांचा हात आता इतका थरथरायचा की सोल्डरचा थेंब भलतीकडंच पडायचा. एक दिवस दोन डाग लावले, दोन्ही चुकले. आयर्न थंड व्हायची पण वाट बघितली नाही. उठले, दोन्ही काचांवर एक नॅपकिन टाकला आणि खुर्ची खिडकीकडं फिरवली.

आणि बोलणं बंद केलं.

तसं ऐकू न येणारा माणूस कमीच बोलतो. आपला आवाज किती निघायलाय हे त्याला कळत नाही. ह्यांचा आवाज कधी एवढा मोठा निघायचा की वरची एखादी पोरगी जिन्यात येऊन उभी राहायची, कधी एवढा बारीक की मलाच ओठाजवळ कान न्यावा लागायचा. लाज वाटायची त्यांना. मुलानं मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवायचं सुरू केलं. "जेवण झालं का?" हे मान हलवायचे. एकदा मोबाईल बाजूला सारून म्हणाले, "मला वाचायचं न्हाई. कुणी बोला." आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. हे आमच्या तोंडांकडं बघत राहिले आणि परत खिडकीकडं वळले. त्यानंतर पुऱ्या श्रावणात त्यांच्या तोंडून "हाव" आणि "न्हाई" सोडून मी काही ऐकलं नाही. माणूस समोर बसून, माझ्या हातची भाकरी खाऊन, रोज थोडा थोडा जायलाय हे मला दिसत होतं.

म्हणून मी ठरवलं, बोर्ड आपणच करायचा.

जन्मभर पिना जोडलेल्या बाईनं बोर्ड करायचा म्हणजे, आयुष्यभर कणीक मळली म्हणून गिरणी उभी करायला निघाल्यासारखं होतं. पण त्या दोन वेण्यांच्या पोरीचा तोरा वयानं कमी झाला नव्हता. "नांदेडला देवाला जाऊन येते," असं सांगून मी एसटीत बसले आणि ह्यांच्या जुन्या दोस्ताच्या पार्टच्या दुकानात उतरले. त्यांनी मला बघून स्टूल पुसलं.

"आओ भाबी, बैठो. भाईसाब कैसे हैं?"

"गप्प हैं," मी म्हटलं. "मीटर का बोर्ड करना है."

"कौन करेगा?"

"मैं."

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. नुसते म्हणाले, "अब तो लाइटां का तैयार आता भाबी. हिरवे-लाल बत्तियां. लगाए और छुट्टी."

"बत्तियां नक्को. काटा चाहिए. वो बत्ती नहीं पढ़ते."

मग त्यांनी समजावलं आणि मी ऐकलं. माइकमधून येणारा आवाज म्हणजे तारेतला बारीक कंप, काट्याला ढकलायची ताकद त्यात नसते. म्हणून आधी आयसी, त्या कंपाला उचलून धरायला. आठ पायांचा एक आयसी, पण आत दोघं जण राहतात, म्हणजे एकातच दोन्ही काट्यांचं भागतं. आवाज तारेत पुढंमागं हेलकावतो आणि काट्याला जाता येतं एकाच बाजूला, म्हणून डायोड, एकाच बाजूची वाट सोडणारे. पुढं कंडेन्सर. आलेला करंट तो जरा साठवतो आणि सावकाश सोडतो, नाहीतर काटा नुसता पिसाळतो. शेवटी प्रीसेट, स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायची बारकी चकती, काटा किती वर जावा ते ठरवणारी. सगळं त्यांनी पुडीत बांधलं, वर तपासून बघायला एक जुना मीटर दिला. कंडेन्सर मात्र लहान-मोठे असे मूठभर दिले. "लगाके देखो भाबी. जो आंख को ठीक लगे."

ही निवड माझ्यावर सोडायला नको होती.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत मी पाट मांडला. सून कपडे वाळत घालायला आली की विचारायची, "आत्या, काय शिजवायलात? कसला वास हाय हा?" राळेचा वास. सोल्डर करताना राळ जळते, तिचा धूर निघतो. मी म्हणायची, "धूप घालायलेय." दोन चष्मे एकावर एक चढवून बसले होते, माझा आणि त्यावर ह्यांचा. पहिल्यांदा डायोड उलटे लागले. बॅटरी लावली तर काटा खाली, आणखी खाली, खिळ्याला जाऊन टेकला. मी त्याला म्हटलं, वर ये की रे बाबा, सुनेसारखा मान खाली घालून काय बसलास? (माझी सून कधीही मान खाली घालत नाही. तेवढं आपलं म्हणायला.) डायोड उपटले, फिरवून लावले. आयसी सगळ्यात शेवटी बसवला. हे नेहमी म्हणायचे, बाकी सगळं वऱ्हाड जमल्यावर नवरी मांडवात आणायची.

आता कंडेन्सर. मी लहान लावून बघितला. मोबाईलवरचं भजन दिलं तर काटा तसाच, माझ्या बहिणीच्या लग्नातल्यासारखा, थयथय. छे. मग मधला लावला. तरी काटा ठरेना. मग सगळ्यात मोठा काढला, करंगळीच्या पेराएवढा, आणि दोन्ही बाजूंना लावला. काटा उठला तो एखाद्या पाटलासारखा सावकाश, मध्यावर आला आणि ठरला. भजन चालू तोवर तिथंच, नुसता श्वास घेतल्यासारखा. बंद केलं तर आणखी थोडा वेळ वर राहून अदबीनं खाली आला. मी टाकीला टेकून बसले. डोळ्यात पाणी आलं. वाटलं, अप्पा असते तर हात खाली घेतला असता.

दुसऱ्या दिवशी मुलानं आणि मी बोर्ड पेटीत बसवला. दुपारी हे झोपले होते. उठून आले तर पिवळे दिवे लागलेले. नॅपकिन मी घडी करून बाजूला ठेवलेला. त्यांनी खुर्ची ओढली. मी दुकानातला जुना माइक हातात घेतला आणि म्हटलं, "अहो, मी बोलायलेय. दिसायलंय का?"

काटा उठला. ठरला. ऐटीत.

हे बघत राहिले. मग पुढं झुकले. मी आणखी बोलले, भाजीचं, पावसाचं, काहीबाही. काटा तिथंच. ह्यांनी आधी डाव्या खिडकीत बघितलं, मग उजव्या, मग माझ्या तोंडाकडं. किती दिवसांनी बोलले.

"हे काय लावलंय? बोलणं हाय का गाणं हाय? काटा नुसता उभा हाय." आणि काचेवर बोट टेकवून, "कोण बोलायलंय काय कळंना."

नॅपकिन त्यांनीच उचलला. घडी मोडली आणि काचांवर टाकला.

मी स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलत बसले. लागणार होता त्यापेक्षा चौपट सोलला. सून आली, लसणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि शेजारी बसून ती पण सोलायला लागली.

संध्याकाळी मी नांदेडला फोन लावला. "भाईसाब, बोर्ड चालू है, मगर वो बोलते कुछ समझता नहीं."

"कंडेन्सर कित्ता डाले भाबी?"

"सबसे बड़ा."

पलीकडं हे एवढं मोठं हसू. "अरे भाबी, रबडी कर डाले! काटे को हलने दो ना. हर लफ्ज पे गिरना होना, हर लफ्ज पे उठना होना. तब ना आदमी पढ़ेगा."

फोन ठेवला आणि मला अप्पांचं दुकान दिसलं. अप्पा पोतं तोलायचे. पोतं गप्प असतं, त्याला काही सांगायचं नसतं, म्हणून त्याचा काटा ठरेपर्यंत थांबता येतं. मी त्याच काट्यावर बोलतं माणूस चढवलं होतं. लातूर-नांदेडच्या सगळ्या मेकॅनिकांना विचारा, एवढा मोठा कंडेन्सर एवढ्या अभिमानानं कुणी लावला नसेल. त्यासाठी आडत्याचीच पोरगी पाहिजे.

मोठे दोन्ही उपटले आणि देवघरातल्या विभूतीच्या जुन्या डबीत टाकले. लहान लावले. काटे मोकळे झाले. सकाळी चहा झाल्यावर नॅपकिन मीच काढला. हे खिडकीकडं तोंड करूनच बसले होते. मी त्यांची खुर्ची फिरवली, ओढून, कुरकुर आवाज करत. वरच्या पोरी गेल्या उडत. माइक तोंडाशी धरला.

"अ-हो."

काटा दोनदा उडाला.

"अहो, ऐकता का? तुमच्याशीच बोलायलेय. किती दिवस तोंड फिरवून बसणार आहात?"

काटा उडायचा, पडायचा, परत उडायचा. ह्यांचे डोळे त्याच्यामागं. मग त्यांचा हात मांडीवरून उठला, खांद्याच्या वर गेला, किनवटच्या त्या गॅदरिंगला गेला होता तसा.

"दिसायलंय," हे म्हणाले. आणि मग, "तूच हायस. दुसरं कुणी एवढं भांडत न्हाई."

त्यांनी पेटीचं झाकण उघडायला लावलं. वाकून बोर्ड बघितला, माझे डाग बघितले. "राळेचा वास आला तवाच कळलं होतं मला. म्हटलं, करू दे." मग बोटानं बारका कंडेन्सर दाखवला. "काल मोठा लावली होतीस."

"तुम्हाला कळलं होतं? मग सांगितलं का न्हाई?" हे मी माइकमध्ये ओरडले. काटा लाल पट्टीत.

शब्द त्यांना कळणं शक्य नव्हतं. पण उत्तर नेमकं आलं. "तुला काटा थांबलेला आवडतो, हे मला उदगीरपासून माहीत हाय."

त्यानंतर त्यांनी दुसरा माइक मागवला. डावा काटा माझा, उजवा त्यांचा. स्वतःच्या काट्याकडं बघून बोलायचे, लाल पट्टीच्या खाली ठेवायचे, आणि आवाज अगदी बेताचा निघायचा, पूर्वीसारखा. जिन्यात कुणी येऊन उभं राहिलं नाही. रोज चहानंतर आम्ही दोघं पेटीसमोर बसायचो, दोन माइक धरून, एखाद्या कार्यक्रमाचे पाहुणे असल्यासारखे. सून म्हणायची, "चला, आकाशवाणी सुरू झाली."

माझे शब्द त्यांना कळायचे नाहीत, तेवढं खोटं मी सांगणार नाही. काट्याच्या उड्यांवरून अंदाज करायचे. मी म्हणायची, "चहा गोड झालाय का?" हे म्हणायचे, "हाव, आज ऊन लई हाय." मी त्यांना मुद्दाम शिव्या द्यायची, माहेरच्या, कानडी मिसळलेल्या. ते काटा बघून म्हणायचे, "ही शिवी होती. सूर वळखला मी." नातीला माइक दिला तर लगेच, "हिचा काटा पाखरावानी उडायलाय." मला गाता येत नाही. एकदा मी बहिणीच्या लग्नातली सनई तोंडानं वाजवली. हे बघत बसले आणि मांडीवर ताल धरला. चुकीचा ताल. मी ताल सोडून त्यांच्या हाताबरोबर वाजवत गेले.

दिवाळीपर्यंत आम्ही असे बोललो. दिवाळीनंतर थंडीत त्यांना छातीत दुखलं. दवाखान्यात त्यांच्या पलंगाशेजारी एक मशीन होतं आणि त्यावर हिरवी रेघ उडायची, पडायची. हे मान वळवून त्या रेघेकडं बघत होते. मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज फार बारीक होता, कान ओठाशी न्यावा लागला.

"ह्याचा कंडेन्सर बराबर हाय," म्हणाले.

मला हसू आलं. खरंच आलं. नर्सबाई वळून बघायला लागली. नंतर त्या मशीनकडं मी बघितलं नाही. मुलाला म्हटलं, मला बाहेर बसव, थांबलेला काटा मी लहानपणी लई बघितला.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. कपाळावर विभूती, पाठ सरळ, मांडी घातलेली, हात मांडीवर. बसवल्यावर ते अगदी पेटीपुढं बसायचे तसे दिसत होते. मला वाटलं आता हात वर करतील. सगळे भजन म्हणत होते, आणि मी वेड्यासारखी त्यांच्या उजव्या हाताकडं बघत उभी.

पाहुणे पांगल्यावर बरेच दिवस पेटीवर नॅपकिन होता. मग एक दिवस चहा झाल्यावर सवयीनं मी काढला आणि बटण दाबलं. दोन्ही दिवे लागले. मी माझा माइक घेतला. "अहो," म्हटलं. डावा काटा दोनदा उडाला आणि धपकन खाली पडला. शब्द संपला की काटा शून्यावर, तिथल्या तिथं. लहान कंडेन्सरचं कामच ते. पूर्वी तो पडला की उजवा उडायचा, त्यामुळं डावा किती लवकर पडतो हे मी कधी बघितलंच नव्हतं. आता उजवा हलेना. मी आणखी बोलले. धपकन खाली. आणखी बोलले. धपकन. जणू कुणी तोंडावर दार लावतंय.

दुपारी मी आयर्न तापवलं. गच्चीवर नाही गेले, तिथंच दिवाणखान्यात बसले. सुनेनं वास घेतला आणि खिडकी उघडून दिली. विभूतीच्या डबीतून मोठा कंडेन्सर काढला, पुसला, आणि माझ्या काट्याला लावला. फक्त माझ्या. त्यांच्या बाजूचा लहान तसाच ठेवला. त्यांना तसाच लागायचा.

आता मी बोलले की काटा सावकाश उठतो आणि ठरतो. माझं बोलणं संपतं, पण तो लगेच पडत नाही. तिथंच राहतो थोडा, कुणीतरी अजून ऐकून घेत असल्यासारखा, आणि मग हळूहळू उतरतो. मी जास्त बोलत नाही. भाजीचं सांगते, नातीचं सांगते, एखादी शिवी देते.

काल माझं बोलून झालं तेवढ्यात सून आली. हातात दोन कप, त्यातला एक तिचा. म्हणाली, "आत्या, कुकर लावू का आता? वर सुट्टी हाय पोरींना."

काटा मध्याच्या थोडा खाली होता. मी डावा हात वर केला. तिला काय कळलं कोण जाणे, पण ती दोन्ही कप धरून गप्प उभी राहिली.